वानराचं सुतक

लिंबाचीवाडी, ता. परंडा
६ एप्रिल

अर्पिता,

आशीर्वाद घे. रागात असलीस तरी घे, आशीर्वादाला राग लागत नसतो.

फोन लावून लावून बोटं दुखली. तुझा भाऊ कृष्णराज म्हणतो, "आई, ताईनं आपले सगळ्यांचे नंबर बंद करून टाकलेत, आता पत्रच टाक." म्हणून त्याच्याकडून परंड्याहून पाकिटं मागवली. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून लिहायची सवय मोडली. अक्षर लागलं नाही तर मुकाट्यानं दोनदा वाच.

काल दुपारी तुझे बाबा तुझ्याकडून परत आले. मी आन कृष्णराज परंड्याच्या स्टँडवर न्यायला गेलो होतो. कुर्डुवाडीच्या गाडीतून उतरले, टोपी काढून घाम पुसला. डोकं तुळतुळीत. मिशासुद्धा काढलेल्या. लग्नात होत्या त्या मिशा गं, बिनमिशांचा हा माणूस मी आजवर बघितला नव्हता. मी तिथंच विचारलं, "अवं, कोण गेलं?" तर म्हणले, "घरातलं गेलं."  घरी आले, पाय धुतले, भिंतीकडं तोंड करून पडले.

विहीणबाई पायरीवरून पडल्या, हात मोडला, एवढं जावईबापूंनी कृष्णराजला सांगितलं होतं. त्यानंतर तुमचे फोन बंद. त्यातच गेल्या का गं बाई? म्हाताऱ्या माणसाचं पडणं वाईटच. पण एवढं झालं आन आम्हाला एक निरोप नाही? मयताचा निरोप माणूस वैऱ्यालासुद्धा देतं. आम्ही तर सोयरे.

विहीणबाई माणूस चांगल्या होत्या. जिभेला तिखट होत्या, पण पोटभर वाढायच्या. तुझ्या लग्नात आमच्या माळाकडं बघत मला म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे झाडं म्हणून नाहीतच का हो?" ते मी इतकी वर्षं मनात धरलं होतं. आता सोडलं. गेलेल्या माणसावर कसला राग धरायचा.

सुतकाचं मात्र मला कोडं पडलंय. व्याह्याच्या घरचं सुतक आपल्याला नसतं, डोकं तर नसतंच करायचं. कोकणात पंधरा दिवस राहून एवढा जीव लागला असंल, असं मी धरून चालले. आज सकाळी पहिली भाकर त्यांच्या हातात दिली, नेहमीसारखी, वानरांना हाक मारायला. त्यांनी ती टोपल्यात परत ठेवली. पत्र्यावर सगळी टोळी येऊन बसली होती. शेवटी मीच टाकली. माझ्या हातचं ती नीट घेत नाहीत, तुला माहीतच आहे.

दहाव्याला निघायचं का ते कळव. सासऱ्यांना धीर दे. बाळाला ऊन लागू देऊ नकोस.

आई


१६ एप्रिल

अर्पिता,

तुझं पत्र पोचलं. विहीणबाई जित्या आहेत, आन माझं पत्र आधी त्यांनीच फोडून वाचलं, हे मी कृष्णराजला वाचून दाखवलं. तो तर हसून हसून लोळायला लागला. त्यांना सांग, ज्याच्या मरणाची खोटी बातमी उठते त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात. झाडांचं लिहिलेलं त्यांनी वाचलं असंल तर वाचू दे. खोटं थोडंच आहे?

आता तुझ्या पत्राचं. बाबांनी आमची बाग बुडवली, असं तू लिहिलंस. राखणीचा गडी ऐन आंब्यात गावाकडं पळाला, म्हणून तू बाबांना बोलावून घेतलंस, बागेत बसून वानरं हाकायला. आन त्यांनी केलं काय, तर रोज सकाळी बागेच्या कडेला उभं राहून हाक मारली आन वानरांना भाकरी घातल्या. ती माणसाला भ्यायचीच थांबली. फटाक्याला भिईनात, कुत्र्याला भिईनात, पडवीतून सरळ स्वयंपाकघरात. विहीणबाई लाटणं घेऊन मागं धावल्या आन पायरीवरून कोसळल्या.

बरं. चुकले ते. पण बाई, वानरं हाकायला तू माणूस कुठला निवडलास? सोनारीच्या शिवेवरचा, जिथं वानर म्हणजे काळभैरवाचं लेकरू! ज्याच्या पणज्यापासून वाडीतल्या वानरांना हाक मारायचा मान आहे, लग्नात अक्षता पडायच्या आधी ज्याच्या हाकेवर वानरांची पंगत बसते, त्याच्या हातात तू गोफण दिलीस. दुधाच्या राखणीला मांजर बसवलंस आन आता दूध सांडलं म्हणून रडतेस.

त्यांच्या डोक्यात सरळ होतं. पोट भरलं तर बागेत कशाला शिरतील? आपण ज्वारीचं शेवटचं तास, बांधाकडची ओळ, वानराचं म्हणून उभं सोडतो, मग ती दुसऱ्या तासाला तोंड लावत नाहीत, असं ते म्हणतात. लावतात, पण ते असू दे.

तुझं म्हणणं मी दोनदा वाचलं. "आई, तुमच्या ज्वारीचं कणीस खाल्लं तर पुढच्या वर्षी परत येतं. इथं एक कलम उभं करायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं आणि वानर एका उडीत त्याची फांदी मोडतं. तुमच्याकडे एकच टोळी आहे, तिचा देव करणं तुम्हाला परवडतं. आमच्या मागं सगळं रान आहे."

रानाचं मला कळलं. परवडतं हा शब्द मात्र लागला. टँकरपुढं भांडून घागर भरायची आन घरात न्यायच्या आधी वानरांच्या डोणीत तांब्याभर ओतायचं, हे तू केलेलं आहेस, शाळेची वेणी घालून. तेव्हा या वाडीला काय परवडत होतं गं? माणसाला प्यायला नव्हतं. तरी ओतत होतो. तुमच्याकडं झरे वाहून समुद्राला मिळतात आन एका फणसावरून बंदुका निघतात. देवानं ज्याला भरून दिलं त्याचाच हात आखडता कसा, हे मला कुणी तरी सांगा.

आन मुंडणाचं आता कळलं. तू पार शेवटी एका ओळीत लिहिलंस, "त्यात एक वानर मेलं, ते बाबांनी मनाला लावून घेतलंय." अगं, हे आधी नाही का लिहायचं! आपल्या शिवारात वानर मेलं की तिरडी निघते, हलगी वाजते, बाप्ये डोकी करतात, दहाव्याला गाव जेवतं. तुझ्या बाबांनी कुठल्या तरी स्टँडवर एकट्यानं न्हाव्यापुढं मान वाकवली असंल. त्यानं विचारलं असंल, आजोबा, कोण गेलं? काय सांगितलं असंल यांनी त्याला?

सोनारीची यात्रा झाली. हे आले, पण काळभैरवाच्या देवळात शिरले नाहीत. मी म्हणलं, आत चला. तर म्हणले, "सुतक हाय." बाहेर आमच्या चपला राखत बसले.

एकच विचारते. "मेलं" असं लिहिलंस. कशानं मेलं ते लिहिलं नाहीस. तारेला चिकटलं का?

आई


२८ एप्रिल

अर्पिता,

आज आशीर्वाद राहू दे.

कशानं मेलं ते मला कळलं. सगळ्या वाडीला कळलं. आपल्या शेजारच्या गोरोबा भाऊजींच्या मोबाईलवर आलं. तुमच्या बागेला लागून पुण्याच्या कुण्या बाईनं बंगला बांधलाय म्हणे. सुट्टीला येते आन माडीवरून पाखरांचे फोटो काढते. तिनंच काढलेला व्हिडिओ, खाली लिहिलेलं, "कोकणातलं क्रौर्य पाहा." तिचं बरंय. तिच्या माडीवर ना कलम ना कणीस. तिला वानर लांबून बघायचं असतं, तुम्हाला मेलेलं पाहिजे, आन आम्हाला पंगतीला.

त्यात बंदूकवाला दिसत नाही. दिसतात ते तुझे बाबा. धोतर, टोपी, हातात भाकर. "येऽ बा, येऽऽ" अशी हाक मारतात. आंब्यावरून हुप्प्या उतरतो, शेपूट वर करून ऐटीत चालत येतो. हे भाकर दाखवत मागं मागं सरकतात, राखणीच्या खोपीआड जातात. हुप्प्या त्यांच्या मागोमाग. मग बार. मग हे एकटेच बाहेर येतात. धोतरावर रक्त उडालेलं, भाकर तशीच हातात. ती बाई किंचाळते आन संपतं.

पारावर सगळ्यांनी बघितलं. परत लावून बघितलं. गोरोबा भाऊजी आन तुझे बाबा एका पाटीवर शिकलेले. ते म्हणले, "बलभीम, हाक तर तुजीच हाय ही." हे उठून घरी आले.

मी दाराला आतून कडी घातली. म्हणलं, आज बोलल्याबिगर भाकर मिळायची नाही.  मग म्हणले, "अर्पी म्हणली, बाबा, तुमच्याच हाकंवर येतंय त्ये, त्येला तेवढं खोपीकडं आणा. जाळी लावलीया, धरून लांब रानात सोडनार हाव. म्या म्हणलं, लेकरावानी धरा, इजा करू नगा. ती म्हणली, व्हय बाबा. म्हणून म्या हाक मारली."

अर्पी. अजून अर्पीच म्हणतात तुला.

गोळी जावईबापूंनी झाडली, हे त्यांनी सांगितलं नाही. मी नाव घेतलं तर मान खाली घातली.

आता नीट ऐक. वानर मारलं याचा मला राग नाही. तुझी सासू पडली, तुमचा माल गेला, तुमच्याकडं मारतात. पटत नाही, पण कळतं. जावईबापूंनी झाडावरचं मारलं असतं तर मी दोन दिवस बडबडले असते आन तिसऱ्या दिवशी बाळाची चौकशी केली असती. पण बापाच्या हाकेनं? त्या हाकेवर आजवर कुठल्या वानराचं वाईट झालं नाही, म्हणून तर ते उतरलं. तू ओळखून होतीस. तू या घरात वाढलीस म्हणून तुला ठाऊक, तुझ्या नवऱ्याला कुठून सुचणार? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते आमच्याच पोटी निघालं. लाज वाटते मला तुझी. लिहून टाकलं, बरं वाटलं.

गोरोबा भाऊजींच्या नातीचं, शिवांजलीचं, लग्न महिन्यावर आलंय. वानरांच्या पंगतीला हाक कुणी मारायची यावर बैठक झाली. कुणी तरी म्हणलं, बलभीमच्या हाकंवर ती आली तरी आम्हाला तो बारच ऐकू यायचा. मान काढून घेतला. सिद्धेश्वरला दिला, ज्याला विडीपायी धड ओरडता येत नाही. हे बैठकीत होते. एक शब्द बोलले नाहीत. तुझं नाव येईल म्हणून.

तू ये. एवढंच मागणं आहे माझं. पारावर उभी राहा आन सांग, बाबांना माहीत नव्हतं, मी खोटं सांगून हाक मारायला लावली. तुझं एक वाक्य, अर्पिता. त्यावर या माणसाची सगळी इज्जत अडकलीय.

आई


८ मे

अर्पिता,

काल कृष्णराजच्या फोनवर तुझा आवाज ऐकला. "आई, कशी आहेस गं?" म्हणालीस तेव्हा मी खुळी, मला वाटलं तू गाडीत बसलीस आन तेच सांगायला फोन केलास. डोळ्याला पाणी आलं माझ्या. मग पुढचं ऐकलं.

वनखात्याची माणसं तुमच्या दारात आली. व्हिडिओवरून केस झाली. बंदूक सासऱ्यांच्या नावावर, झाडली कुणी ते सांगणारा एकटा तुझा बाप. ते इकडं येऊन जबाब घेणार. "बाबांना सांग, आपण काही पाहिलंच नाही म्हणायचं. ह्यांना तुरुंग होईल, आई. बाळ केवढंसं आहे."

मी फोन कृष्णराजच्या हातात दिला. बोलले असते तर शिव्याच आल्या असत्या, आन तुझा फोन मोठ्यानं लावलेला असतो की काय कुणास ठाऊक. म्हणून लिहिते.

मी ये म्हणलं तेव्हा तुला आंबा होता, पेट्या होत्या, सासूचा हात होता. आता नवऱ्याच्या मनगटाला दोरी दिसली तशी आई आठवली. गरज सरो वैद्य मरो म्हणतात. तुझी तऱ्हा उलटी. वैद्याला आधी मारलंस, गरज नंतर पडली.

मी काही साधू नाही. दाराआड माझी गलोल असते. हे शेतात गेले की वाळवणावर मी तीच घेऊन बसते, आन नेम बरा आहे माझा. पपईला कृष्णराजनं जाळी मारली, फटाके वाजवले. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, बघा, तुम्हीही तेच. व्हय, आम्हीही तेच. इथली तरणी पोरं आता उघड बोलतात, म्हातारी खोडं पडली की बघू या वानरांकडं. एवढाच फरक उरलाय. आमच्याकडं म्हाताऱ्यांची भीड आहे, तुमच्याकडं म्हातारेच बंदूक भरून देतात. तेव्हा देवाच्या नावानं मी तुला बोलत नाही. बापाच्या नावानं बोलते.

तुझा निरोप मी त्यांना दिला नाही. द्यायची गरजच पडली नाही. ओसरीवर दावं वळत बसले होते, सगळं कानावर गेलं. हात थांबले नाहीत. फोन झाल्यावर एवढंच विचारलं, "मागं बाळ रडत व्हतं का गं?" मी म्हणलं, व्हय.

काळभैरवाच्या शेजारी राहून या माणसानं कधी खोटी साक्ष दिली नाही. बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाविरुद्ध खरं बोलले आन बारा महिने भावकीशी अबोला सोसला, तुला आठवत असंल. आता तुझ्यासाठी खोटं बोला, असं माझ्या तोंडून निघणार नाही. बोलू नका, असंही निघणार नाही. जावई आत गेला तर सुख मला तरी कुठं आहे? पण तू ये. जबाबाच्या आधी ये. त्यांच्यासमोर बसून तूच माग काय मागायचं ते. निदान आधी पाया पड.

आई


१७ मे

अर्पिता,

तू आली नाहीस.

काल परंड्याला जबाब झाला. तुमच्याकडचे साहेब, इकडचा एक गार्ड. यांना ऐकायला कमी येतं असं खोटंच सांगून मी आत घुसले. साहेब चांगला होता, पाणी दिलं, खुर्ची दिली. मग विचारलं, "आजोबा, गोळी कुणी झाडली?"

मी पदराचं टोक मुठीत घट्ट धरून बसले होते. आता म्हणतील, बघितलं न्हाय. तसं म्हणावं असंच मला त्या क्षणी वाटत होतं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

ते म्हणले, "म्या."

साहेब म्हणाला, "तुम्हाला बंदूक चालवता येते?"

"घोडा दाबायला शाळा लागती का, साहेब? आमच्या विहीणबाई त्येच्यापायी पडल्या. मला राग आला. खोपीत बंदूक व्हती. हाक मारली, जवळ आलं, मारलं."

"घरातलं आणखी कुणी होतं तिथं?"

"कुणी न्हाय."

साहेबानं यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांच्या डोक्यावर बारीक पांढरे खुंट फुटलेत, त्याकडंही त्यानं बघितलं. "नीट विचार करून सांगा, आजोबा." हे म्हणले, "इचार करूनच आलोय." आन सही केली.

बाहेर आल्यावर मी तोंड सोडलं. भर रस्त्यात. म्हणलं, खोटंच बोलायचं होतं तर "बघितलं न्हाय" एवढं पुरत नव्हतं का? तर म्हणले, "त्यानं भागत न्हाय, मथुरा. कुणी तरी मारलंच हाय. कुणाचं तरी नाव लागल्याबिगर त्ये थांबत न्हाईत. आन हाक तर माजीच व्हती." रडले नाहीत. रसवंतीवर थांबून मलाच रस पाजला.

आम्ही वाडीत यायच्या आधी बातमी येऊन बसली होती. पारावरची माणसं यांना बघून उठून गेली. आजवर हाकेपुरता संशय होता, आता यांच्याच सहीनं खून झाला. तिन्हीसांजेला गोरोबा भाऊजी दाराशी आले. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. मला म्हणले, "वयनी, शिवांजलीच्या लग्नाला तुमी या, कृष्णराजला आणा. बलभीमला आणू नगा." हे आतच होते. ऐकलं. लहानपणी एका गोधडीत झोपलेली ही माणसं, अर्पिता.

वानरं मात्र रोज येतात. त्यांना कोण व्हिडिओ दाखवणार? पत्र्यावर बसून यांच्याकडं बघतात. हे आत जाऊन दार लावून घेतात.

तुझा नवरा सुटला. गुन्हा यांच्यावर. तारखेला तुमच्याकडच्या कोर्टात यांना जावं लागणार आहे. कृष्णराज नेईल, तुझ्या दारात उतरणार नाहीत, जेवणाची तयारी करू नकोस.

अजून माझं मागणं तेच आहे, थोडं कमी करून. साहेबाला काही सांगू नकोस. तुझं कुंकू तुझ्यापाशी राहू दे, मी एवढी दुष्ट नाही. फक्त गोरोबा भाऊजींच्या पुढं येऊन बस आन काय झालं ते सांग. ते कुठं बोलणार नाहीत, मी त्यांना सोनारीची शपथ घालते. एका माणसाला कळलं तरी यांना पुरेल. लग्नाच्या आधी ये.

आई


३१ मे

अर्पिता,

पेटी पोचली. कुर्डुवाडीच्या गाडीवर आली, कृष्णराजनं उतरवून आणली. आंबे गवतात नीट बसवलेत, एकही डागलेला नाही. वर तुझी चिठ्ठी होती. "बाबांना आवडतात म्हणून. शेवटच्या तोडीची घाई आहे, इतक्यात निघता येणार नाही. बाबांनी जे सांगितलं ते त्यांच्या मनानं, आम्ही त्यांना तसं सांगा म्हणालो नव्हतो."

खरंय. तुम्ही म्हणाला नव्हता.

शिवांजलीचं लग्न परवा झालं. मी गेले नाही. सिद्धेश्वरनं हाक मारायला सुरुवात केली ती आमच्या घरात ऐकू येत होती. पंगत मांडलेली, नवरदेव पोळी हातात धरून उभा, आन वानर एक यायला तयार नाही. येणार कुठून? सगळी टोळी आमच्या पत्र्यावर बसली होती. सिद्धेश्वर ओरडायचा, खोकायचा, परत ओरडायचा. हे आत खाटेवर. त्यांचं तोंड उघडलं, गळ्याची शीर वर आली. एक हाक मारली असती तर सगळी पारावर गेली असती. मी म्हणलं, मारा की. त्यांनी तोंड मिटलं. शेवटी लोकांनी पोळ्या गाईला घातल्या आन अक्षता उरकल्या. शिवांजली रडली म्हणे. वाडी म्हणते, बलभीमनं वानरं अडवून धरली.

तुझी पेटी मी उकिरड्यावर टाकायला निघाले होते. उचलली पण होती. यांनी माझा हात धरला. एक आंबा काढला, डेऱ्यातल्या पाण्यानं धुतला, ओसरीवर बसून चोखून खाल्ला. कोयसुद्धा ठेवली नाही चाटायची. मग धोतराला हात पुसले आन म्हणले, "गोड हाय. कळव तिला."

म्हणून कळवते. आंबे गोड आहेत.

आई